देशोदेशीच्या सामाजिक उद्योगांचा अभ्यास: कायद्याआधी जमाखर्च वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इटली, ब्रिटन, दक्षिण कोरिया, व्हिएतनाम, भारत आणि अमेरिका या सहा देशांतले सामाजिक उद्योग (धंदा करून कमावणारे, पण मुख्य हेतू समाजहिताचा असलेले) आणि त्यांना बळ देणारी धोरणं यांची तुलना करायची आहे. तक्ताही आखून झाला आहे: व्याख्या, कायदा, वर्ष, उद्योगांची संख्या, सरकारी मदत. आता व्याख्या कुणाची धरायची, आकडे कुठून आणायचे आणि शेवटी कुठल्या देशाचं धोरण सरस म्हणायचं, इथे तुम्ही अडला आहात.

माझ्या पहिल्या अभ्यासातही असाच तक्ता होता. कायदा असेल तिथे बरोबरची खूण, नसेल तिथे फुली. एका देशासमोर ठळक खूण केली होती. तिथल्या लोकांशी प्रत्यक्ष बोलायला लागलो, तेव्हा कळलं की त्या कायद्याखाली नोंदणी करणारे अगदी थोडे आहेत आणि खरं काम करणारी मंडळी जुन्याच साध्या संस्थारूपात राहिली आहेत. फुली मारलेल्या देशात मात्र शेकडो उद्योग नगरपालिकांच्या कंत्राटांवर धडधाकट चालू होते. तो तक्ता मी टाकून दिला. तेव्हापासून एकच रीत पाळतो: धोरण आधी संस्थेच्या जमाखर्चात शोधायचं, मग कायद्याच्या मजकुरात. सरकारने एखाद्या उद्योगासाठी काही केलं असेल तर त्याच्या उत्पन्न-खर्चाच्या पत्रकातली कुठली तरी ओळ हललेली असते. कर कमी झालेला असतो, कामगारांमागची सामाजिक सुरक्षेची वर्गणी माफ झालेली असते, कंत्राट मिळालेलं असतं, कर्ज स्वस्त झालेलं असतं. एकही ओळ हलली नसेल, तर राजपत्रात काहीही छापलेलं असो, त्या उद्योगापर्यंत धोरण पोहोचलेलं नाही.

आता व्याख्येकडे येऊ. ‘सोशल एंटरप्राइज’ हे नाव एक असलं तरी त्याची घराणी वेगळी आहेत. युरोपात ते सहकारी संस्था आणि संघटनांच्या परंपरेतून आलं, म्हणून तिथला अभ्यासक पहिल्यांदा विचारतो की संस्थेत निर्णय कोण घेतं. अमेरिकेत १९८० च्या दशकात सरकारी अनुदानं आटली, ना-नफा संस्था स्वतःच्या कमाईकडे वळल्या. त्याच दशकाच्या उंबरठ्यावर, १९८० मध्ये, बिल ड्रेटन यांनी ‘अशोका’ स्थापन केली आणि बदल घडवणाऱ्या उद्योजक व्यक्तीवर प्रकाशझोत आला. तिथला अभ्यासक विचारतो की काय बदललं आणि कुणी बदललं. बांगलादेशात महंमद युनूस यांची मांडणी तिसरीच: गुंतवणूकदाराने मुद्दल परत घ्यावं, लाभांश घेऊ नये. या तीन माणसांना एका खोलीत बसवलं, तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या उदाहरणांपैकी निम्मी बाद करील.

१९९६ पासून काम करणाऱ्या ‘एमेस’ या युरोपीय संशोधन जाळ्याने आर्थिक, सामाजिक आणि कारभारविषयक असे तीन गटांत निकष मांडले आहेत. ते मांडणारे जाक दफुर्नी आणि मार्त निसेन्स स्वतःच सांगतात की हे निकष होकायंत्रासारखे वापरावेत. सगळे निकष पूर्ण केले तरच आत, एक चुकला की बाहेर, असा त्यांचा हेतू नाही. याच दोघांच्या पुढाकाराने २०१३ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय तुलनात्मक प्रकल्पात ४३ देशांतल्या ७२१ उद्योगांची सविस्तर माहिती गोळा झाली. उद्योजक वृत्तीची ना-नफा संस्था, सामाजिक सहकारी संस्था आणि सामाजिक ध्येयाचा व्यवसाय हे तीन नमुने जवळपास सगळीकडे सापडले. सरकारी यंत्रणेतून निघालेला चौथा नमुना असावा असा अंदाज होता, पण आकडेवारीत तो वेगळा उठून दिसला नाही. तुमच्यासाठी यातला धडा उपयोगाचा आहे. प्रकल्पाने एका देशाची व्याख्या बाकीच्यांवर लादली नाही. स्थानिक संशोधकांना आपापल्या देशातले प्रकार आधी ओळखायला सांगितले आणि सगळ्यांना सारखे प्रश्न मग विचारले.

मी स्वतः तीन प्रश्नांवर काम चालवतो. उत्पन्नाचा ठसठशीत भाग नियमित विक्रीतून किंवा सेवेच्या मोबदल्यातून येतो का? सामाजिक हेतू अशा ठिकाणी लिहिलेला आहे का, की पुढच्या संचालक मंडळाला तो सहज खोडता येणार नाही? आणि उद्योग बंद पडला तर उरलेली मालमत्ता कुणाकडे जाते? तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त बोलका आहे. संकेतस्थळावरची ध्येयवाक्यं सगळ्यांची सारखीच असतात. विसर्जनाचं कलम काढून वाचलं की फरक कळतो.

तक्त्यातला ‘उद्योगांची संख्या’ हा रकाना मात्र आहे तसा ठेवू नका. ब्रिटनचंच पाहा. २०१७ च्या सरकारी अहवालात तिथे सुमारे ४,७१,००० सामाजिक उद्योग असल्याचं म्हटलं होतं. पुढच्या वर्षीच्या प्रसिद्ध अहवालात आकडा एक लाखाचा होता. त्याच सुमारास कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी या खास रूपात नोंदवलेल्या कंपन्या चौदा हजारांच्या आसपास होत्या. तिन्ही आकडे प्रामाणिक आहेत. पहिल्यात सुमारे ३,७१,००० असे होते, ज्यांच्याकडे एकही कर्मचारी नाही, म्हणजे एकट्याने धंदा करणारी माणसं. शिवाय तिथे पहिली अट होती की व्यावसायिकाने स्वतःला सामाजिक उद्योग म्हणवून घ्यावं. सोबत मालकांना निम्म्याहून अधिक नफा न देणं आणि तीन चतुर्थांशाहून अधिक उत्पन्न अनुदान-देणग्यांतून नसणं, या अटी होत्या. पगारी कर्मचारी असलेले तेवढे धरले की आकडा लाखाच्या आसपास येतो. फक्त नोंदणी धरली की चौदा हजार.

दक्षिण कोरियात याच्या उलट स्थिती आहे. तिथे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय कुणाला स्वतःला ‘सामाजिक उद्योग’ म्हणवताच येत नाही, त्यामुळे अधिकृत आकडा नेमका असतो आणि लहान असतो. व्हिएतनामच्या २०१४ च्या उद्योग कायद्याने, जो जुलै २०१५ पासून लागू झाला, वार्षिक नफ्याचा किमान ५१ टक्के भाग सामाजिक किंवा पर्यावरणीय उद्दिष्टासाठी पुन्हा गुंतवणाऱ्या कंपनीला सामाजिक उद्योगाचा दर्जा दिला. तरीही तशी नोंदणी करणारे थोडेच आणि त्या वृत्तीने काम करणारे कितीतरी जास्त. म्हणून ब्रिटनचे ४,७१,००० आणि कोरियाचे तीनेक हजार शेजारी मांडून ‘ब्रिटन पुढे’ असा निष्कर्ष काढला, तर तुम्ही दोन सरकारांच्या मोजपट्ट्यांची तुलना केलेली असते. देशांची नाही. आकडा द्यायचाच असेल तर त्याच चौकटीत लिहा: कुणी मोजलं, स्वयंघोषणेवर की नोंदणीवर, आणि एकट्या माणसाचा धंदा धरला की वगळला.

आता ज्या देशावर मी तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, त्या इटलीकडे. तिथली गोष्ट कायद्याच्या वीस वर्षं आधी सुरू होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रिएस्ट शहरातल्या मनोरुग्णालयात फ्रांको बासालिया हे मानसोपचारतज्ज्ञ संचालक होते. रुग्ण तिथे झाडलोट, धुणीभांडी करत आणि त्याला ‘श्रमोपचार’ म्हणत. मजुरी मिळत नसे. बासालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांची सहकारी संस्था उभी केली. काम तेच, पण आता करार झाला, मजुरी मिळू लागली आणि रुग्ण संस्थेचा सभासद झाला. १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने मनोरुग्णालयं बंद करण्याची वाट मोकळी केली. बाहेर आलेल्या माणसांना काम आणि आधार कुठे मिळणार, हा प्रश्न देशभर उभा राहिला. ठिकठिकाणी स्वयंसेवकांनी आणि व्यावसायिकांनी मिळून सहकारी संस्था काढल्या. त्या जुन्या सहकार कायद्यात नीट बसत नव्हत्या. सहकार म्हणजे सभासदांचं हित, आणि इथे हित सभासद नसलेल्यांचंही पाहायचं होतं.

या भांडणातून १९९१ चा ३८१ क्रमांकाचा कायदा आला. त्याने दोन प्रकार केले. ‘अ’ प्रकारच्या संस्था आरोग्य, शिक्षण आणि समाजसेवा पुरवतात. ‘ब’ प्रकारच्या संस्था कुठलाही धंदा करू शकतात, पण कामगारांपैकी किमान ३० टक्के अपंग, व्यसनातून बाहेर पडणारे, मानसिक आजारातून आलेले किंवा पर्यायी शिक्षा भोगणारे कैदी अशा वंचित गटांतले हवेत. स्वयंसेवकही सभासद होऊ शकतात, निम्म्यापेक्षा जास्त मात्र नाही. आता ‘ब’ प्रकारच्या एखाद्या संस्थेचा जमाखर्च हातात घ्या. वंचित कामगारांसाठी भरायच्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीची ओळ शून्य असते, कारण कायद्याने ती माफ आहे. उत्पन्नाच्या बाजूला नगरपालिकेची बागकाम, सफाई, कचरासंकलनाची कंत्राटं दिसतात, कारण ठरावीक मर्यादेखालची कामं अशा संस्थांना खास कराराने देण्याची मुभा कायद्यात आहे. दोन ओळी हलल्या आणि त्यावर एक अख्खं क्षेत्र उभं राहिलं.

तिसरी गोष्ट कायद्यात सापडणारच नाही. संस्था मोठ्या होऊन आपलेपण हरवू नये म्हणून त्यांनी वाढायचं टाळलं. एक संस्था भरली की तिच्यातून दुसरी फुटायची, आणि सगळ्या मिळून संघ करायच्या. हिशेब, प्रशिक्षण, निविदा ही कामं संघाकडे. याला ते ‘स्ट्रॉबेरीचा मळा’ म्हणत, कारण स्ट्रॉबेरीचं रोपही धावतं खोड टाकून शेजारी नवं रोप लावतं. इटलीच्या कायद्याची नक्कल करून पाहणाऱ्यांनी संघांचा हा भाग बहुतेक वेळा सोडून दिला, याचं मला अजून वाईट वाटतं. ३० टक्क्यांची अट उचलणं सोपं असतं. तीस संस्थांचा हिशेब एकत्र ठेवणारं कार्यालय उभारायला माणसं आणि वर्षं लागतात.

दक्षिण कोरियात क्रम उलटा झाला. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर बेकारी भडकली. सरकारने सार्वजनिक कामं काढली. २००० साली मूलभूत उपजीविकेचा कायदा लागू झाला आणि गरिबांच्या स्वावलंबन केंद्रांना त्यात जागा मिळाली. या सगळ्याला टिकाऊ रूप द्यावं म्हणून जुलै २००७ पासून सामाजिक उद्योग प्रोत्साहन कायदा अमलात आला. खातं कुठलं, तर रोजगार आणि कामगार मंत्रालय. हे लक्षात ठेवा, कारण कुठलं मंत्रालय यजमान आहे यावरून धोरणाचा पोत ठरतो. कामगार मंत्रालय नोकऱ्या मोजतं, अर्थ मंत्रालय गुंतवणूक मोजतं, समाजकल्याण खातं लाभार्थी मोजतं. कोरियात प्रमाणपत्राचे प्रकारही नोकरी देणारे, सेवा देणारे, दोन्ही करणारे, स्थानिक समाजासाठी काम करणारे असे आहेत. कंपनीरूपात असलेल्या उद्योगाने वाटपयोग्य नफ्याचा दोन तृतीयांश भाग सामाजिक हेतूसाठी वापरायचा असतो. बदल्यात नव्या कामगारांच्या पगाराला ठरावीक काळापुरतं अनुदान, सामाजिक विम्याला हातभार, करसवलत आणि सरकारी खरेदीत प्राधान्य.

पहिल्या वर्षी पन्नासेक उद्योगांना प्रमाणपत्र मिळालं, आता ती संख्या तीन हजारांच्या पुढे गेली आहे. या वाढीकडे पाहताना पगार-अनुदानाची ओळ समोर ठेवा. अनुदान संपल्याच्या दुसऱ्या वर्षी तो उद्योग किती माणसं ठेवतो, विक्रीचं उत्पन्न पगाराला पुरतं का, हे पाहिल्याशिवाय कोरियावर मत देऊ नका. २०२३ मध्ये सरकारने चौथी मूलभूत योजना जाहीर करताना थेट अनुदानांवरून हात काढता घेतला आणि पुढच्या वर्षीच्या तरतुदीत मोठी कपात केली. संशोधकासाठी ही दुर्मीळ संधी आहे: एक ओळ अचानक पुसली गेली की काय उरतं, ते हजारो उद्योगांत एकाच वेळी पाहता येतं. त्या उद्योगांतल्या माणसांसाठी मात्र तो रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे. मुलाखती घेताना हे विसरू नका.

ब्रिटनची कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी २००५ पासून आहे. नोंदणी स्वस्त आणि झटपट, नियामक वेगळा, मालमत्तेवर कुलूप (याला ‘असेट लॉक’ म्हणतात, म्हणजे मालमत्ता सामाजिक हेतूबाहेर वळवता येत नाही) आणि भागधारकांना द्यायच्या लाभांशावर वाटपयोग्य नफ्याच्या ३५ टक्क्यांची कमाल मर्यादा. तुलनात्मक लेखांत ही ३५ टक्क्यांची मर्यादा फार गाजते. प्रत्यक्षात अशा बहुतेक कंपन्या हमीवर मर्यादित असतात, म्हणजे त्यांना भागधारकच नसतात, आणि ती मर्यादा त्यांना कधी लागूच होत नाही. यापेक्षा महत्त्वाची बाब म्हणजे या रूपाला स्वतःची अशी करसवलत नाही. सवलत हवी तर धर्मादाय संस्था व्हा, आणि मग विश्वस्तांनी साधारणपणे विनावेतन काम करायचं. मोकळीक हवी, संस्थापकाला पगार घ्यायचा आहे, तर ही कंपनी. तिथले लोक ही निवड कशी करतात, एवढा एकच प्रश्न विचारलात तरी धोरणाचा अर्धा अभ्यास होतो.

ब्रिटनमधून आणखी एक सवय शिकून घ्या: क्रियापदं वाचायची. २०१२ चा सामाजिक मूल्य कायदा सेवा खरेदी करणाऱ्या सरकारी संस्थांना सामाजिक लाभाचा ‘विचार करायला’ सांगतो. खरेदी सामाजिक उद्योगाकडूनच करा असं तो म्हणत नाही. ‘विचार करावा’, ‘प्राधान्य द्यावं’, ‘राखून ठेवावं’ ही तीन वेगळी धोरणं आहेत, आणि भाषांतरात तिन्ही ‘प्रोत्साहन’ होऊन जातात. त्याच वर्षी, बँकांत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या खात्यांतला पैसा वापरून तिथे बिग सोसायटी कॅपिटल ही घाऊक गुंतवणूक संस्था उभी राहिली. कल्पना सुरेख आहे, पण पैसा मध्यस्थांमार्फत खाली येतो, म्हणून व्याजाचा दर शेवटच्या उद्योगाच्या पत्रकात तपासा.

झोपलेल्या कायद्यांसाठी वेगळी वही ठेवा. इटलीनेच २००६ मध्ये सहकाराबाहेरच्या संस्थांसाठी ‘इम्प्रेसा सोशाले’ हा दर्जा काढला, पण बंधनं दिली आणि करात काही दिलं नाही, म्हणून फार कुणी फिरकलं नाही. २०१७ च्या सुधारणेत चूक दुरुस्त केली, तर त्यातल्या करसवलती युरोपीय आयोगाच्या मान्यतेसाठी अनेक वर्षं अडकून पडल्या. कायद्याचं वर्ष आणि अंमलाचं वर्ष हे दोन रकाने का हवेत, ते इथे कळतं. अमेरिकेत व्हर्मॉन्ट राज्याने २००८ मध्ये ‘एल-थ्री-सी’ हे कमी नफ्याच्या कंपनीचं रूप आणलं. मोठ्या धर्मादाय प्रतिष्ठानांना आपल्या उद्दिष्टाशी जुळणाऱ्या उद्योगात गुंतवणूक करणं सोपं जावं, हा हेतू. पण अशा कंपनीतली गुंतवणूक आपोआप पात्र धरू, असं केंद्रीय कर खात्याने कधी मान्य केलं नाही. राज्याने दार बांधलं आणि किल्ली केंद्राकडे राहिली. नॉर्थ कॅरोलायनाने तर २०१३ मध्ये हे रूप रद्दच करायचं ठरवलं. (मेरीलँडने २०१० मध्ये आणलेली बेनिफिट कॉर्पोरेशन आणि बी लॅब या खासगी संस्थेचं ‘बी कॉर्प’ प्रमाणपत्र यांत गल्लत करू नका. पहिलं कायदेशीर रूप आहे, दुसरं संस्थेने दिलेला शिक्का.)

आता फुलीवाला देश. भारतात सामाजिक उद्योगाचा स्वतंत्र कायदा नाही, पण धोरण नाही असं म्हणता येत नाही. ते तुकड्या-तुकड्यांत आहे. न्यास, १८६० च्या कायद्याखालची संस्था, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी, सहकारी संस्था, उत्पादक कंपनी, साधी खासगी कंपनी, यांपैकी कुठलंही रूप सामाजिक उद्योग घेऊ शकतो. आयकरात सर्वसाधारण लोकोपयोगी कामाला धर्मादाय मानताना व्यापारी मिळकतीवर एकूण मिळकतीच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारीपोटी खर्चायचा पैसा सामान्यतः न्यास, संस्था किंवा कलम ८ कंपनीकडे जातो, नफ्याच्या कंपनीकडे नाही. परिणाम जमाखर्चात लगेच दिसतो: एकाच ध्येयासाठी एक न्यास आणि एक खासगी कंपनी, दोन पत्रकं, दोन लेखापरीक्षणं आणि मधे काळजीपूर्वक लिहिलेला करार. तुम्ही एकच पत्रक वाचलंत तर अर्धाच उद्योग पाहाल. सेबीने २०२२ मध्ये सामाजिक शेअर बाजाराचे नियम केले. त्यांत लाभार्थी, खर्च किंवा उत्पन्न यांपैकी एखाद्या मापाने ६७ टक्के काम वंचित गटांसाठी असण्याची अट आहे. म्हणजे व्याख्या आली ती कंपनी खात्याकडून नाही, भांडवल बाजाराच्या नियामकाकडून. तिथे मिळणाऱ्या झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल रोख्यावर व्याज नाही आणि मुद्दलही परत नाही, म्हणजे ती नियमांत बसवलेली देणगीच आहे.

तुमच्या यादीत नसलेल्या ब्राझीलकडेही एकदा पाहून घ्या. २००३ मध्ये तिथे केंद्र सरकारात सहकार्याधारित अर्थव्यवस्थेचं स्वतंत्र सचिवालय झालं आणि अर्थतज्ज्ञ पॉल सिंगर त्याचे प्रमुख होते. पुढे सरकारं बदलली तसा त्या सचिवालयाचा दर्जा उतरत गेला. सरकारी आदेशावर उभं राहिलेलं धोरण किती लवकर आटतं, आणि चळवळ मुळात मजबूत असेल तर ती त्याशिवायही कशी तग धरते, दोन्ही तिथे दिसतं.

पद्धतीबद्दल. सहा देशांतला सगळा पसारा एकदम उचलू नका. एक क्षेत्र धरा. वंचितांना रोजगार देणारे उद्योग घ्या, किंवा वृद्धांची घरपोच सेवा घ्या. क्षेत्र स्थिर ठेवलं की देशांमधला फरक धोरणाकडे बोट दाखवू लागतो. नाहीतर इटलीतली देखभाल संस्था आणि भारतातली सूक्ष्म कर्ज कंपनी यांची तुलना होऊन बसते. मग प्रत्येक देशात तीन किंवा चार उद्योग निवडा, त्यातला किमान एक असा, जो पात्र असूनही नोंदणीकडे वळला नाही. शक्य असेल तर एक असा, ज्याने दर्जा घेतला आणि सोडला. न वळलेली आणि सोडून गेलेली माणसं धोरणाबद्दल जे सांगतात ते कुठल्याच सरकारी अहवालात सापडत नाही.

प्रत्येकाकडून मागच्या तीन वर्षांची हिशेबपत्रकं आणि पोटनियम मागा. मुलाखत संस्थापकाची घ्याच, पण हिशेबनिसाची वेगळी घ्या. ध्येय संस्थापक सांगतो. अनुदान किती महिने उशिरा आलं आणि दर्जा टिकवायला वर्षातून किती अर्ज भरावे लागतात, हे हिशेबनीस सांगतो. त्यानंतर कायदा वाचा, आणि तो मूळ भाषेत वाचणारा सहकारी सोबत घ्या. कायद्याच्या आधीच्या दहा वर्षांची कालरेषा काढा: कुठलं संकट होतं, मागणी कुणी केली, विरोध कुणी केला. विरोधकांची हरकत बहुतेक वेळा नेमक्या त्या ओळीवर असते, जी पुढे महत्त्वाची ठरते. युरोपीय आयोगाने करून घेतलेले देशवार अहवाल, ओईसीडी या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची जून २०२२ ची शिफारस, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा एप्रिल २०२३ चा ठराव, हे सगळं वाचा. देशांनी काय कबूल केलं ते त्यांतून कळेल.

आणि हो, ज्यांचा वेळ घेतला त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत परत पाठवा. प्रश्नावल्या भरून थकलेल्या, पण उत्तरादाखल एक पानही न मिळालेल्या संस्था मी फार पाहिल्या आहेत.

‘सरस कोण’ या प्रश्नाला मी तुमच्या जागी हात घातला नसता. प्रमाणपत्र मिळालेले उद्योग न मिळालेल्यांपेक्षा चांगले चालतात, हे दाखवणं सोपं आहे, पण चांगले चालणारेच अर्ज भरण्याच्या स्थितीत असतात. अनुदानित उद्योगाने शंभर माणसं लावली, तर त्याने शेजारच्या बिनअनुदानित उद्योगाचं कंत्राट घेऊन लावली का, हेही पाहावं लागतं. त्याऐवजी विचारा: या देशात कुठली ओळ हलली, कुणासाठी, किती वर्षं, आणि ती हलवायला कुणाला काय सोडावं लागलं. सहा देशांची सहा उत्तरं नीट लिहिलीत, तर वाचणारा धोरणकर्ता स्वतःची निवड करू शकेल.

यादीत एक बदल सुचवतो. अमेरिका एकसंध देश म्हणून घेऊ नका, तिथे कंपनीची रूपं राज्यागणिक बदलतात. घ्यायचीच तर एखादं राज्य घ्या. माझं मत विचाराल तर तिच्या जागी बेल्जियम घ्या. तिथे १९९५ च्या कायद्याने कुठल्याही व्यापारी कंपनीला ‘सामाजिक हेतूची कंपनी’ हा दर्जा घेता येत होता. अटी बऱ्याच, फायदा नगण्य, आणि साध्या ना-नफा संघटनेच्या रूपात तेच काम जमत होतं. २०१९ च्या नव्या कंपनी संहितेत तो दर्जा काढून टाकला आणि सामाजिक उद्योग म्हणून मान्यता सहकारी संस्थांपुरती ठेवली. जन्म, झोप आणि रद्द होणं, तिन्ही टप्पे पंचवीस वर्षांच्या आत, आणि कागदपत्रं बहुतांश उपलब्ध. पहिलं प्रकरण मी त्याच देशापासून लिहायला घेतलं असतं.